ग्रबच्या दोन दुर्बिणी आणि सहाणेचा खळगा

जेऊर हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशनचं गाव. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यापासून सरळ रेषेत मोजलं तर तीसेक किलोमीटर. 22 जानेवारी 1898 रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाने तिथे अंधार पडला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून जेऊरला येऊन राहिले होते. मुंबई इलाख्यात प्लेग होता, आदल्या वर्षीच्या दुष्काळाची झळ अजून ओसरली नव्हती, आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली त्याला त्या दिवशी बरोबर सात महिने होत होते. अशा वेळी परदेशी साहेबांनी माळावर भलीमोठी यंत्रं उभी केली, तेव्हा गावकऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

जेऊरच्या माळावर पुण्याचाही एक तंबू होता. तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. या ग्रहणाचा त्यांचा अहवाल 1902 साली छापून निघाला. त्याच ग्रहणासाठी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आले होते. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडे हौसेने सांगतात, त्याचा उगम लॉकियर यांच्या या मुक्कामात असावा. प्रत्यक्षात हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी 1868 सालीच इंग्लंडमध्ये बसून पाहिली होती. विजयदुर्गावर ते आले त्यानंतर तीस वर्षांनी.

नायगमवालांचं आणि लॉकियर यांचं एक जुनं प्रकरण होतं. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला भाग आहे, असं लॉकियर सांगत असत, आणि त्यावर त्यांनी उल्कांचा एक मोठा सिद्धांत रचला होता. पुण्याच्या या पारशी प्राध्यापकाने 1891 साली तीच रेषा तपासली, तेव्हा ती धूसर पट्टा नसून धारदार रेषा असल्याचं त्यांना दिसलं. लंडनच्या बड्या शास्त्रज्ञाला पुण्यातून उलट उत्तर जाणं, हे त्या काळात लहानसहान काम नव्हतं.

ते उत्तर देता आलं ते एका दुर्बिणीमुळे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 1882 साली पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि डब्लिनच्या ग्रब कारखान्याकडून मोठी परावर्ती दुर्बीण मागवण्यात आली. आरसा वीस इंचांचा. त्या काळात हिंदुस्थानात एवढी मोठी दुसरी दुर्बीण नव्हती. 1888 च्या सुमारास पुण्यात ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली, आणि ती चालवणारा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, नायगमवाला.

1912 साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रसामग्री कोडाईकनालला रवाना झाली. वीस इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षं नुसती पडून होती. ती पुन्हा उभारली गेली 1951 साली, आणि ऐंशीच्या दशकात तिला आकाशाच्या पाहणीसाठी लेहपर्यंत नेलं गेलं. पुण्यातल्या मुलांना ती पाहायला मिळाली ती फक्त 1912 पर्यंत.

आता आमच्या बाजूला येतो. जेऊर इंग्रजांच्या हद्दीत आणि परंडा निजामाच्या. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा नळदुर्ग जिल्हा होता. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शीपर्यंत आली आणि हद्दीशीच थांबली. लातूरला पोचायला तिला 1911 उजाडलं. आमच्या लोकांची राजधानी पूर्वेला, हैदराबादेत. आणि योगायोग असा की डब्लिनच्या त्याच ग्रब कारखान्याची दुसरी मोठी दुर्बीण तिथे आली.

ती आणली कुठल्या सरकारने नाही, कॉलेजनेही नाही. आणली एका हौशी माणसाने. नवाब जफर जंग हे हैदराबादचे श्रीमंत सरदार. इंग्लंडात असताना त्यांना खगोलाचा नाद लागला. त्यांनी पंधरा इंची भिंगाची दुर्बीण विकत घेतली आणि 1901 साली फिसलबंड्यात, आपल्या स्वतःच्या जागेत, वेधशाळा मांडली. सहाव्या निजामाची परवानगी घेऊन तिला नाव दिलं ‘निजामिया’. आपल्यामागे ती सरकारच्या हवाली करावी, ही त्यांची इच्छा होती. घराच्या आवारात पंधरा इंची दुर्बीण ठेवणारा माणूस आजही दुर्मीळ आहे. 1901 साली तर हिंदुस्थानात असे बोटांवर मोजण्याइतकेही नसतील.

1907 साली नवाब वारले. पुढच्या वर्षी वेधशाळा निजामाच्या अर्थखात्याकडे गेली. तिथे इंग्रज संचालक आले, बेगमपेटेत नवी जागा मिळाली आणि आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-मोजणीत हैदराबादने आपला वाटा उचलला. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा तिथल्या माणसांनी मोजून बारा खंडांत छापल्या. पण हे काम झालं आठ इंची वेगळ्या दुर्बिणीवर. नवाबांनी जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती पंधरा इंची कामाला लागली 1922 साली, टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत. नवाब जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती. मधल्या काळात, 1919 साली, वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली होती. ज्या उस्मान अली खानांचं नाव विद्यापीठाला, त्यांचंच नाव पुढे आमच्या जिल्ह्याला पडलं. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, विद्यापीठाचं तसंच राहिलं.

पश्चिमेला पुणे, पूर्वेला हैदराबाद, आणि मधे आपण. दोन्हीकडे डब्लिनच्या काचा. एकीकडे महाराज, दुसरीकडे नवाब. दोन्ही दुर्बिणींची कथा सारखीच का झाली, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते कारण साधं आहे. त्या दुर्बिणी कोणी केल्या नव्हत्या, विकत आणल्या होत्या. आरसा मळला, पुन्हा घासायचा झाला, तर तो विलायतेला पाठवावा लागे. ज्या माणसाला दुर्बिणीचं वेड होतं तो गेला की ती पोरकी. तिच्या अंगाखांद्याला हात लावलेला, तिचा स्वभाव ठाऊक असलेला दुसरा कोणी गावात तयारच झाला नव्हता.

दुर्बीण करायची म्हणजे मुख्यतः आरसा करायचा. बाकीचं सुताराचं, लोहाराचं काम. आणि आरसा करण्याचं तत्त्व आपल्या प्रत्येक देवघरात आणि स्वयंपाकघरात शतकानुशतकं डोळ्यांसमोर आहे. जुनी सहाण पाहा. चंदनाचं खोड रोज फिरून फिरून तिच्या मधोमध खळगा पडलेला असतो. आजीच्या पाट्याचंही तेच. कोणी मुद्दाम कोरलेला नसतो तो खळगा; नुसत्या घासण्याने झालेला असतो. दुर्बिणीचा आरसाही असाच घडतो.

सारख्या आकाराच्या दोन जाड गोल काचा घ्यायच्या. एक खाली पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर. मधे पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी. वरची काच पुढे-मागे सरकवायची, थोडी फिरवायची, स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा तेच. आवाज जात्याच्या घरघरीसारखाच, फक्त जरा किरकिरा. वरची काच पुढे गेली की तिचा मध्य खालच्या काचेच्या कडेवर दाबला जातो. म्हणून वरचीचा मध्य झिजतो आणि खालचीची कड. वरची खोलगट होते, खालची फुगीर. आणि कुठल्याही जागी, कुठल्याही दिशेने एकमेकांवर चपखल बसतील असे दोनच आकार असतात, सपाट आणि गोलाचा तुकडा. म्हणून नवखा माणूसही न चुकता गोलाचाच तुकडा घासतो. निसर्गाने इथे शिकाऊ माणसाला मोठी सवलत दिली आहे.

आठ इंची आरशाला, नाभीअंतर बाराशे मिलिमीटर हवं असेल तर, मधोमध खोली लागते फक्त दोन मिलिमीटर. जाड भुकटीने तेवढी खोली काही तासांत होते. मग बारीक भुकटी, मग त्याहून बारीक. प्रत्येक टप्प्यावर सगळं धुऊन घ्यायचं. जाड भुकटीचा एक कण पुढच्या टप्प्यात शिरला तर आरशावर ओरखडा पडतो आणि चार दिवस मागे जावं लागतं. शेवटी पिच, म्हणजे डांबराच्या जातीचा घट्ट चिकट पदार्थ, खालच्या काचेवर ओतून त्याला खाचा पाडतात आणि सीरियम ऑक्साईडची गुलाबीसर भुकटी पाण्यात कालवून पॉलिश करतात. तेव्हा कुठे काच काचेसारखी दिसायला लागते.

आणि मग खरी परीक्षा. गोलाचा तुकडा पुरत नाही, परवलय लागतं. आठ इंची आरशात या दोन आकारांमधला फरक काठाशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढासुद्धा नाही. शिवाय पृष्ठभागातली चूक मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागाच्या आत हवी, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी. हे मोजायचं कशाने? एक बारीक भोक पाडलेला दिवा आणि दाढीचं पातं. लेऑन फूको या फ्रेंच माणसाने 1858 च्या सुमारास ही युक्ती काढली. आरशाच्या वक्रतेच्या केंद्राशी दिवा ठेवायचा, परत येणाऱ्या किरणांत पातं हळूच सरकवायचं आणि पात्यामागून आरशाकडे पाहायचं. सगळा आरसा एकाच वेळी करडा झाला तर तो गोल आहे. परवलय झालं असेल तर मेदूवड्यासारखा आकार दिसतो, मधे खड्डा आणि भोवती फुगवटा. आरशावर क्षणभर बोट टेकवून काढलं तर त्या बोटाच्या उबेने फुगलेली काच टेकडीसारखी दिसते आणि काही मिनिटांनी विरून जाते. दहा रुपयांच्या पात्याने बोटाची ऊब मोजता येते, हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

याआधीचे लोक काच वापरत नव्हते. विल्यम हर्शेल हा इंग्लंडातल्या बाथ गावचा संगीतशिक्षक. तांबं आणि कथील वितळवून तो धातूचे आरसे ओती आणि साचे करी घोड्याच्या लिदीचे. 1781 साली एका मोठ्या ओतकामात भट्टी गळू लागली, वितळलेला रस तळघराच्या फरशीवर पसरला आणि फरशीचे दगड तडातड उडाले. घरातली माणसं जीव घेऊन पळाली. आरसा घासताना हर्शेल तासन् तास हात काढत नसे, म्हणून बहीण कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवी. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने घरीच केलेल्या, सहा इंचांहून थोड्या मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून युरेनस सापडला. तेव्हा घरी केलेली दुर्बीण ही काही कमअस्सल गोष्ट नाही. मानवजातीला नवा ग्रह पहिल्यांदा दाखवला तो तिनेच.

तरीही शंभर-दीडशे वर्षं हे काम मोजक्या वेड्यांचंच राहिलं. 1920 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, स्प्रिंगफील्ड या कारखान्यांच्या गावात, रसेल पोर्टर यांनी यंत्रशाळेतल्या कामगारांना आरसे घासायला शिकवलं. 1925 साली त्यावर ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख आला आणि हजारो लोक आपापल्या तळघरांत काचा घासू लागले. पण त्यांच्या दुर्बिणी सहसा सहा-आठ इंची. मोठ्या आरशाला काच जाड लागते, बैठक अवजड लागते आणि खर्च हाताबाहेर जातो, असा सर्वांचा समज होता.

तो समज मोडला एका संन्याशाने. आणि इथे गोष्ट पुन्हा आपल्याकडे वळते.

स्वामी विवेकानंदांनी 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोत वेदान्त सोसायटी स्थापन केली. 1944 साली तिथल्या स्वामी अशोकानंदांच्या प्रवचनांनी भारावून जॉन डॉब्सन नावाचा तरुण मठात दाखल झाला. जन्म बीजिंगचा, शिक्षण बर्कलीला रसायनशास्त्राचं. वेदान्त आणि विज्ञान यांची सांगड घालण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्यासाठी विश्व डोळ्यांनी पाहायला हवं, असं त्याला वाटलं. जहाजाच्या खिडकीची भंगारातली बारा इंची काच त्याने मिळवली आणि मठातच घासून आरसा केला. त्यातून चंद्र पाहिला आणि हे सगळ्यांनी पाहायला हवं, या विचाराने त्याला पछाडलं.

1958 साली त्याची बदली सॅक्रामेंटोच्या मठात झाली. तो चाकांवर दुर्बीण घालून आसपासच्या वस्तीत जाई, मुलांना शनी दाखवी, आणि मठातल्या कामाच्या वेळी गायब असे. वरिष्ठांना हे आवडत नव्हतं. म्हणून बाहेरच्या मित्रांशी पत्रव्यवहारात त्याने सांकेतिक भाषा धरली. ‘जिरेनियम’ म्हणजे दुर्बीण. ‘कुंडीतलं जिरेनियम’ म्हणजे नळीत आणि बैठकीवर बसवलेली दुर्बीण. आणि जिरेनियम फुललं म्हणजे आरशाला ॲल्युमिनियमचा मुलामा चढला. 1967 साली त्याला मठातून काढून टाकलं. 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ‘साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ उभे राहिले.

डॉब्सनची दुर्बीण पाहून व्यावसायिक लोक नाक मुरडत. काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात ती पुठ्ठ्याची नळी. प्लायवुडचं खोकं. फिरण्यासाठी टेफ्लॉनचे तुकडे. आरशाची काच नेहमीपेक्षा पातळ, कारण ती खाली टेकवून ठेवली की वाकत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तोफ गाड्यावर बसते तशी ही बसे. वर-खाली आणि डावी-उजवी एवढंच फिरे. पुढे त्याने चोवीस इंची आरसा केला. नायगमवालांच्या वीस इंची दुर्बिणीला एक महाराज आणि एक इलाखा सरकार लागलं होतं. त्याहून चार इंच मोठी दुर्बीण या बिनपैशाच्या माणसाने भंगारातून उभी केली. बरोबरी मात्र करता यायची नाही. ताऱ्यामागे आपोआप सरकत राहण्याची सोय डॉब्सनच्या खोक्यात नव्हती, त्यामुळे त्यातून नायगमवालांसारखा तेजोमेघाचा वर्णपट घेता आला नसता. पण डोळा लावून पाहायला ती पुरेशी होती, आणि त्याला तेवढंच हवं होतं. त्याने पेटंट घेतलं नाही. 2014 साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. आज जगभर हौशी लोक ज्या मोठ्या दुर्बिणी घरी करतात त्यांतल्या बहुतेक त्याच्याच पद्धतीच्या असतात.

पुण्यात नायगमवालांची वेधशाळा बंद झाली त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 22 ऑगस्ट 1944 रोजी, ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. डॉब्सन मठात शिरला तेच हे वर्ष. या वेळी मागे महाराज नव्हते, नवाब नव्हते. होते वर्गणी देणारे सभासद. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली ही सर्वांत जुनी संस्था आजही टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरातून चालते. 1988 साली पुण्यातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, आणि तिथे अरविंद परांजपे यांनी हौशी लोकांना काच घासायला बसवलं. शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार, सगळे पिंपाभोवती फिरू लागले. ज्या शहराने आपल्या दुर्बिणीचा आरसा डब्लिनहून मागवला होता, तिथे शाळामास्तर पात्यामागून मेदूवडा शोधायला लागले. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच वाटते. ती कुठल्या गॅझेटात नाही.

धाराशिवमध्ये बसून आरसा करायचा म्हटलं तर आजही दोन गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात, जाड काच आणि भुकटी. आणि तयार आरसा मुलाम्यासाठी निर्वात भांडं असलेल्या ठिकाणी पाठवावा लागतो. बाकी सगळं इथलंच. पिंप आहे, प्लायवुड आहे, सुतार आहेत. घासायला हात आहेत. आणि आकाश तर आहेच: बालाघाटच्या पठारावर, येडशीच्या रानाजवळ किंवा नळदुर्गापलीकडच्या माळावर अमावास्येला जे दिसतं ते पुण्या-मुंबईच्या लोकांना गाडी करून शोधत यावं लागतं.

शिवाय आपल्याकडे पोर्टरच्या गावापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, लाखो ताऱ्यांचा गोळा, व्हरमाँटमध्ये क्षितिजाच्या वर येतच नाही म्हटलं तरी चालेल. धाराशिवहून तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे चोवीस अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यावर, रात्री दहाच्या सुमारास, गच्चीवर जाऊन दक्षिणेला पाहा. नुसत्या डोळ्यांना तो अंधुक, पुसट ताऱ्यासारखा दिसेल. घरी घासलेल्या आठ इंची आरशातून त्यातले तारे सुटे सुटे दिसतात.